मेळाव्यात ट्यूबा पारखताना : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

ब्रास वादकांच्या संमेलनात एका हॉलमध्ये गाणं-बजावणं चालतं आणि शेजारच्या हॉलमध्ये वाद्यांची मांडणी असते. ट्रम्पेट, कॉर्नेट टेबलावर मावतात. ट्यूबाला, म्हणजे खर्ज धरणाऱ्या सगळ्यात मोठ्या ब्रास वाद्याला, जमीन लागते. भोंगे खाली टेकवून ट्यूबा रांगेनं उभे केलेले असतात, आणि येणारा जो तो एखादा उचलून जीव खाऊन फुंकतो. अशा गोंगाटात पहिल्यांदा शिरलेला वादक बहुतेक वेळा सगळ्यात मोठा, सगळ्यात चकचकीत ट्यूबा मांडीवर घेतो, दोन दणदणीत स्वर काढतो, हॉल घुमतो आणि तोच मनात भरतो. पण हॉलमध्ये घुमला म्हणून परभणीच्या रस्त्यावर वरातीत घुमेल असं नाही. बंद हॉलचा हिशेब वेगळा, मोकळ्या रस्त्याचा वेगळा.

मराठवाड्यातल्या कितीतरी बँडांतून खर्जाचं वाद्य गेलं. कॅशिओ आला, गाडीवर स्पीकर आले, मग बास वाजवणाऱ्या माणसाची मजुरी कशाला द्यायची म्हणून ती जागाच काढून टाकली. माझं ठाम मत आहे की बँड उभा राहतो तो खर्जावर. वर ट्रम्पेट कितीही सुरेल असो, खाली षड्ज-पंचम धरून ठेवणारं कोणी नसेल तर चाल पोकळ वाटते. म्हणून आज जो मुलगा किंवा जी मुलगी ट्यूबा धरायला तयार आहे, त्यांच्या हातात कामाचं वाद्य पडावं असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी एकच गोष्ट धरून चाला: आपलं काम आधी ठरवायचं आणि प्रत्येक ट्यूबा त्याच कामावर, त्याच क्रमाने तपासायचा.

घरून निघण्याआधी

काम ठरवायचं म्हणजे काय, तर तुम्ही बहुतेक वेळ कसे वाजवणार आहात ते. परण्या निघाल्यापासून मांडवापर्यंत चालत? मुक्तिसंग्राम दिनी, १७ सप्टेंबरला, ध्वजवंदनाच्या मैदानावर उभं राहून? की खुर्चीवर बसून, समोर नोटेशन ठेवून?

चालत वाजवायचं असेल तर रांगेतल्या अर्ध्या ट्यूबांकडे वळूसुद्धा नका, सूझाफोनकडे, म्हणजे अंगावर घालून चालता येईल अशा ट्यूबाकडे, जा. जॉन फिलिप सूझा या अमेरिकन बँडमास्टरांच्या कल्पनेवरून १८९३ मध्ये जे. डब्ल्यू. पेपर यांनी पहिला सूझाफोन घडवला. तेव्हा त्याचा भोंगा आभाळाकडे होता. समोर तोंड असलेला भोंगा नंतर आला. सूझाफोन अंगाभोवती वेटोळं घेऊन डाव्या खांद्यावर बसतो, त्यामुळे हात मोकळे राहतात आणि आवाज समोरच्या माणसांवर जातो. पितळी सूझाफोनचं वजन दहा किलोच्या पुढे जातं. फायबरचा हलका असतो, पण त्याचा स्वर थोडा कोरडा लागतो. मे महिन्यात भर दुपारच्या मुहूर्ताची लग्नं वाजवणाऱ्याने मात्र हा कोरडेपणा चालवून घ्यावा असं मी म्हणेन. उन्हात तापलेलं पितळ खांद्यावर घेऊन तास-दोन तास चालणं सोपं नाही.

यानंतर स्वर. ट्यूबा मुख्यतः चार पट्ट्यांत मिळतात (नावं हार्मोनियमच्या पट्ट्यांची). काळी पाचचा, म्हणजे बी फ्लॅटचा, सगळ्यात खोल. त्याची नळी सरळ केली तर साधारण १८ फूट भरते. पांढरी एकचा सी ट्यूबा १६ फूट, काळी दोनचा ई फ्लॅट १३ फूट आणि पांढरी चारचा एफ १२ फूट. १८३५ मध्ये बँडप्रमुख विप्रेख्ट आणि वाद्य घडवणारे मोरिट्झ यांनी बर्लिनमध्ये ज्या ट्यूबाचं पेटंट घेतलं तो पांढरी चारचा होता. सी आणि एफ जास्त करून ऑर्केस्ट्रात दिसतात. आपल्या बँडांचं वळण ब्रिटिश लष्करी बँडावरून आलेलं, त्यामुळे आपल्या कामाचे दोनच : काळी पाच आणि काळी दोन. बँडमधले ट्रम्पेट, क्लॅरिनेट, युफोनियम (ट्यूबाचा लहान भाऊ) काळी पाचचे असतील तर ट्यूबाही त्याच पट्टीचा घेतलेला बरा. मास्टर जो सा म्हणतील तोच तुमच्या बोटांखाली सा असतो, आणि ऐनवेळी युफोनियमवाला तुमच्या जागी बसू शकतो. अंगाने लहान असलेल्या शाळकरी मुलाला मात्र काळी दोनचा द्या.

पिशवीत पाच वस्तू हव्यात : स्वतःचा माउथपीस (ओठ लावून फुंकायचा सुटा तुकडा), एक जुना टॉवेल, स्पिरिट आणि कापूस, वही-पेन, आणि ट्यूनर (स्वर चढा की उतरलेला हे दाखवणारं ॲप) व तानपुरा असलेला मोबाईल. सहावा एक मित्र. तो ट्यूबा वाजवणारा नसला तरी चालेल, पण त्याचे कान चांगले हवेत.

स्वतःच्या माउथपीसवर माझा विशेष जोर आहे. दर वाद्याला वेगळा माउथपीस लावलात तर फरक ट्यूबाचा की माउथपीसचा हे कळणारच नाही. त्यात एक अडचण आहे. माउथपीसची दांडी सगळीकडे सारख्या जाडीची नसते : जुन्या ब्रिटिश वाद्यांची बारीक, अमेरिकन मापाची मध्यम, युरोपियन मापाची जाड. आपला माउथपीस साधारण इंचभर आत जाऊन घट्ट बसला पाहिजे. डुगडुगत असेल किंवा टोकाशीच अडकत असेल तर त्या ट्यूबाबद्दल काहीच ठरवू नका. विक्रेत्याकडून तुमच्या मापाच्या जवळचा माउथपीस मागून घ्या, स्पिरिटने पुसा, आणि वहीत तशी नोंद करा. जोर देऊन ठोकून बसवू नका, तो अडकला की काढायला कारागीरच लागतो.

उचलणं आणि बसणं

अंगठ्या, कडं, गळ्यातली साखळी काढून खिशात टाका. पट्ट्याचं बक्कल बाजूला सरकवा. मग विचारा. "मामा, हा घेऊ का बघायला?" एवढं पुरे. विक्रेता बहुतेक वेळा "घ्या की" म्हणतो आणि स्वतःच हातात देतो. ते चांगलं, कारण उचलायचा कसा हे त्याला ठाऊक असतं. एक हात खालच्या मोठ्या वळणाखाली, दुसरा बाहेरच्या जाड नळीला. व्हॉल्व्हला (बोटांनी दाबायच्या खटक्यांना) किंवा बारीक स्लाइडला (आत-बाहेर सरकणाऱ्या नळीला) धरून कधीही उचलू नका. तिथले डाख सुटतात.

खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर ताठ बसा. ट्यूबा मांडीवर किंवा मांड्यांच्या मध्ये खुर्चीवर टेकवा आणि बघा माउथपीस कुठे येतो. तो तुमच्या ओठांशी यायला हवा. मान वर ताणावी लागते किंवा वाकावं लागतं, तर श्वास अडतो आणि दोष वाद्यावर जातो. खाली येत असेल तर टॉवेलच्या घड्या घालून ट्यूबाखाली ठेवा, एक घडी वाढवा, एक कमी करा. फार वर येत असेल तर ट्यूबा मांडीवरून खाली, खुर्चीच्या कडेवर घ्या. एवढ्याशा बदलाने तोच ट्यूबा मोकळा बोलू लागलेला ऐकू येतो. इतकं करूनही बसत नसेल, किंवा उजव्या हाताची बोटं व्हॉल्व्हवर सहज पडत नसतील, तर तो कितीही नामांकित असू दे, पुढच्याकडे जा.

पहिला स्वर हळू

जोरात सुरुवात करू नका. मोठ्याने तर जवळजवळ कुठलाही ट्यूबा वाजतो; वाद्याचा खरा स्वभाव हळू वाजवताना उघडा पडतो. आधी स्वर न काढता नुसती गरम हवा नळीतून जाऊ द्या, पाण्याच्या चावीतून आधीच्या वादकाचं साचलेलं पाणी काढा. मग कुठलाही व्हॉल्व्ह न दाबता मधला सा, जितका हळू जमेल तितका, जिभेचा धक्का न देता नुसत्या श्वासावर. स्वर लगेच लागला तर उत्तम. आधी 'फुस्स' होऊन मग लागला तर नळीत कुठे हवा सुटते आहे, किंवा ट्यूबा तुमच्या दमापेक्षा मोठा आहे.

ट्यूबाच्या आकारांना पाऊण, पूर्ण, सव्वा, दीड अशी नावं आहेत. ही मापं प्रत्येक कारखान्याची आपापली, त्यामुळे एकाचा पूर्ण दुसऱ्याच्या सव्वाएवढा निघू शकतो. आकडा बघू नका, दम बघा. तोच हळू सा एका श्वासात किती टिकतो हे मित्राला घड्याळ लावून मोजायला सांगा आणि दर ट्यूबाला मोजा. नवख्याने दीड आकाराचा ट्यूबा भरू पाहणं म्हणजे तांब्या-तांब्याने रांजण भरण्यासारखं आहे : भरतो, पण तोवर तुमचीच तहान वाढलेली असते.

गंधाराची परीक्षा

ही परीक्षा मला सगळ्यात मोलाची वाटते, म्हणून इथे जरा थांबतो.

व्हॉल्व्ह न दाबता नुसते ओठ आवळत वर गेलं की ट्यूबा आपले नैसर्गिक स्वर देतो : खर्जाचा सा, मग प, वरचा सा, त्यावर ग, प, मग कोमल नी आणि पुन्हा सा. पहिल्या 'सा'च्याही खाली आणखी एक सप्तक खोल सा असतो, तो नव्याला लागला नाही तरी बिघडत नाही. हे सगळे स्वर नळीच्या लांबीतूनच येतात. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, त्याचं नातं या गंधाराशी आहे. म्हणूनच तो हार्मोनियम किंवा कॅशिओच्या गंधारापेक्षा थोडा उतरलेला असतो. एका अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर साधारण चौदा भाग. कोमल नी तर तीसएक भागांनी उतरलेला, त्यामुळे तो सहसा तसा वाजवत नाहीत, व्हॉल्व्ह दाबून घेतात.

आता करायचं असं. मोबाईलवर काळी पाचचा तानपुरा लावा. सा, प, सा, ग, प, सा असे सावकाश, प्रत्येक स्वर पूर्ण श्वासाचा वाजवा, आणि ट्यूनरकडे बघायचं काम मित्राला द्या. तुम्ही बघितलंत तर नकळत ओठांनी स्वर ओढून जागेवर आणाल आणि वाद्याचा दोष झाकला जाईल. ग थोडा उतरलेला असणं स्वाभाविक आहे. तो फारच उतरलेला आहे का, आणि वरचा प चढलेला आहे का, हे बघायचं. चांगला ट्यूबा सगळीकडे अचूक असेलच असं नाही, पण त्याच्या चुका ओठांनी सहज सावरता येतील एवढ्या लहान असतात. एखादा स्वर असा निघाला की तो सावरताना जबडा दुखू लागतो, तर तीन तासांच्या कार्यक्रमात तो तुम्हाला रडवेल.

ट्यूनर लावताना हॉलचं तापमान लक्षात घ्या. एसी हॉलमध्ये थंड पडलेला ट्यूबा उतरतो, उन्हातला चढतो. आपल्याकडे उन्हाळ्यात ब्रास चढतोच, म्हणून मुख्य स्लाइड बाहेर ओढायला भरपूर जागा आहे ना हे हात लावून बघा. थंड हॉलमध्येच अर्धी स्लाइड ओढावी लागत असेल तर उन्हात ओढायला काही उरणार नाही.

व्हॉल्व्ह तीन की चार

दुसरा व्हॉल्व्ह अर्धा स्वर उतरवतो, पहिला एक, तिसरा दीड. पहिला आणि तिसरा मिळून अडीच स्वर उतरायला हवेत, पण उतरतात थोडे कमी, स्वर चढाच राहतो. कारण साधं आहे. प्रत्येक अर्ध्या स्वरासाठी नळी सुमारे सहा टक्के वाढावी लागते. एक व्हॉल्व्ह दाबून नळी आधीच लांब झाली की दुसऱ्या व्हॉल्व्हची मोजून कापलेली नळी त्या लांबीला अपुरी पडते. चौथा व्हॉल्व्ह एकटाच अडीच स्वर नीट उतरवतो, म्हणून पहिला-तिसराच्या जागी चौथा, आणि पहिला-दुसरा-तिसराच्या जागी दुसरा-चौथा.

नोटेशन वाजवणाऱ्यांनी आणि पोलीस बँडमध्ये जाऊ इच्छिणाऱ्यांनी चार व्हॉल्व्हचाच घ्यावा. वरातीतल्या कामाला तीन पुरतात. सूझाफोनला बहुतेक तीनच असतात. काही ट्यूबांत हवा व्हॉल्व्हमधून दुसऱ्यांदा फिरवून लहान जादा नळ्या जोडतात आणि खालची चूक आपोआप भरून निघते. ही युक्ती डेव्हिड ब्लेकली यांनी लंडनमध्ये १८७४ च्या सुमारास काढली. असा ट्यूबा जड आणि महाग असतो, सुरुवातीला त्याची निकड नाही.

व्हॉल्व्ह वर-खाली होणारे पिस्टन हवेत की गोल फिरणारे रोटरी? जर्मन वळणाच्या ट्यूबांना रोटरी असते. बोटांखाली मऊ, बिनआवाजाची. आपल्याकडच्या धुळीत पिस्टन लवकर अडखळतो हे खरं. पण पिस्टन तुम्ही स्वतः काढू शकता, फडक्याने पुसून तेलाचे चार थेंब टाकले की पाच मिनिटांत चालू. रोटरी उघडायला जाणता कारागीर लागतो आणि तो हिंगोलीत किंवा धाराशिवला मिळेल याची खात्री धरू नका. मी पिस्टनच सुचवेन.

तुमचीच चाल, लांबून ऐकलेली

इथपर्यंत टिकलेल्या दोन-तीन ट्यूबांवर आता रोजचं काम वाजवा. अवघड काही वाजवून दाखवायचं नाही. वरातीत तुम्ही जो ठेका धरता तोच, सा-प-सा-प, आधी सावकाश, मग नाचणारे अंगात आल्यावर जातो त्या लयीत. हलगीच्या बोलाशी जुळवून बघा; खर्जाचा स्वर थापेबरोबर सुटला पाहिजे, मागून रेंगाळत येता कामा नये. हलगी-सनईच्या घरात वाढलेल्या मुलांना हे वेगळं शिकवावं लागत नाही, त्यांनी आपल्या कानावर विश्वास ठेवावा.

तुम्ही वाजवत असताना मित्राला हॉलच्या दुसऱ्या टोकाला, दाराशी उभं करा. वाजवणाऱ्याच्या कानाशी घुमणारा ट्यूबा लांब जाऊन विरतो, आणि जवळून साधा वाटणारा कधीकधी दारापर्यंत स्वच्छ पोचतो. लोक ऐकणार आहेत ते दाराशी. त्याला वाद्याचं नाव सांगू नका, फक्त पहिला, दुसरा, तिसरा. सगळे ट्यूबा एकाच खुर्चीवर बसून वाजवा, कारण कोपऱ्यात बसलं की कुठलाही ट्यूबा भारदस्त वाटतो. परवानगी मिळाली तर शेवटचे दोन बाहेर अंगणात नेऊन वाजवा. वर तोंड असलेल्या ट्यूबाचा आवाज उघड्यावर किती उडून जातो ते तिथे कळतं.

मोबाईलवर ध्वनिमुद्रण करून त्याच्याच स्पीकरवर ऐकण्यात अर्थ नाही. काळी पाचच्या ट्यूबाचा खर्जाचा सा सेकंदाला सुमारे ५८ कंपनांचा, आणि मोबाईलचा चिमुकला स्पीकर तो काढूच शकत नाही. ऐकायचंच तर चांगल्या हेडफोनवर.

वेळेचंही भान ठेवा. सकाळी हॉल उघडताच जा, किंवा शेजारी मोठा कार्यक्रम चालू असताना. तेव्हा गोंगाट कमी असतो. तीन-चार ट्यूबा झाले की उठा, पाणी प्या, ओठांना विसावा द्या. ओठ थकले की सगळे ट्यूबा सारखेच वाईट वाटतात, आणि संध्याकाळी थकलेल्या ओठांनी केलेली निवड सकाळी पटत नाही.

जुना असेल तर

जुन्या ट्यूबावर पोचे असतातच. भोंग्यावरच्या पोच्याने आवाजाला फारसं काही होत नाही. माउथपीसपासून व्हॉल्व्हपर्यंतच्या बारीक नळीवर पोचा असेल तर मात्र नको म्हणा. त्याच नळीवर गुलाबी ठिपके आणि त्यांच्या मध्ये काळसर डाग दिसले, तर पितळातलं जस्त निघून चाललंय. ती नळी आतून कुजते आहे. ब्रासोने घासून हे जात नाही.

हवा धरते का हे बघायला विक्रेत्यालाच सांगा : व्हॉल्व्ह न दाबता त्याची स्लाइड ओढून काढा. 'ठप्प' असा आवाज आला तर व्हॉल्व्ह घट्ट आहे. काही नव्या वाद्यांच्या व्हॉल्व्हला मुद्दाम बारीक छिद्र ठेवतात, तिथे हा आवाज येत नाही, म्हणून आधी विचारून घ्या. सगळ्या स्लाइड हाताने निघाल्या पाहिजेत. एखादी जाम झालेली असेल तर तिच्या दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करून मागा.

पैसे आणि गावाकडे नेणं

मेळाव्यातच इसार देऊ नका. वहीतली पानं घेऊन घरी या, दोन दिवसांनी मास्टरांसमोर ती वाचा. परदेशी बनावटीचा नवा ट्यूबा काही लाखांच्या घरात जातो. आपल्या बँडांची बहुतेक वाद्यं येतात ती मेरठहून. तिथल्या जली कोठी भागात पिढ्यान्‌पिढ्या बँडची वाद्यं घडतात. नांदेडहून सुटणारी सचखंड एक्सप्रेस परभणी, जालना, संभाजीनगर करत दिल्लीला जाते, आणि दिल्लीहून मेरठ सत्तरएक किलोमीटर. पाच-सहा वाद्यं एकदम घ्यायची असतील तर बँडने दोन माणसं पाठवून, प्रत्येक नग वर सांगितल्याप्रमाणे वाजवून घेणं परवडतं. हे आषाढी एकादशीनंतर करा. लग्नं थांबलेली असतात, गणपतीला अवकाश असतो, आणि नवं वाद्य ओठांवर बसायला महिनाभर हातात राहतो.

घेताना कडक पेटी मागाच. नुसत्या कापडी पिशवीतला ट्यूबा एस.टी.च्या टपावर किंवा टेम्पोत ड्रमखाली गेला तर पहिल्याच फेरीत मुख्य स्लाइड वाकते. पेटी नसेलच तर भोंग्यात टॉवेल कोंबा, व्हॉल्व्हभोवती चादर गुंडाळा आणि वाद्य सीटवर ठेवा, त्याचं वेगळं तिकीट काढावं लागलं तरी काढा. आणि विक्रेत्याकडून व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा, फेल्ट, पाण्याच्या चावीचे बूच यांचे दोन-दोन जादा नग त्याच वेळी लिहून घ्या. ऐन सराईत जालन्यात शोधत बसाल तर एकही मिळणार नाही.